खिशातला कांदा

मार्च संपत आला की नागपूरच्या गल्ल्यांतून पत्र्याचा आवाज येऊ लागतो. जिन्याखाली आठ महिने जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला कूलर फरशीवरून ओढत बाहेर काढतात, त्याचा तो आवाज. एका घरातून तो आला की बाकीच्या घरांना आपण मागे पडलो असं वाटतं. दिवाळीत शेजारच्या चकलीचा वास आला की वाटतं ना, तसं. त्या रविवारी गल्लीभर बनियनवरचे गृहस्थ हातात पाना घेऊन उकिडवे बसलेले दिसतात. यातल्या निम्म्यांना पाना नेमका कुठे लावायचा हे ठाऊक नसतं. मी त्या निम्म्यांतला.

आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा आहे आणि साधारण भरात आलेल्या रेड्याएवढा आहे. चादर काढल्यावर आत काय निघेल याचा भरवसा नाही. एका वर्षी चिमणीचं रिकामं घरटं निघालं. एका वर्षी पाना निघाला, आणि तो नेमका तोच, ज्याच्यावरून मी शेजाऱ्यांशी चार महिने अबोला धरला होता. टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो आणि ताट्या वाळून खापरीसारख्या झालेल्या असतात. ताट्या दरवर्षी नव्या घ्याव्या लागतात. लाकडाच्या किसाच्या स्वस्त, खसच्या महाग. खसच्या घ्याव्यात असं आमच्या घरी दरवर्षी ठरतं, दुकानात भाव ऐकल्यावर किसाच्या घेतल्या जातात आणि टाकीत वाळ्याच्या अत्तराचे दोन थेंब टाकून पाहुण्यांना फसवलं जातं.

मग कूलरवाला मेकॅनिक. लग्नसराईत भटजींना आणि एप्रिलमध्ये कूलरवाल्याला जो भाव असतो तो मंत्र्यालाही नसावा. फोनवर 'आलोच भाऊ' म्हणतो आणि चौथ्या दिवशी येतो. येतो, टाकीत डोकावतो आणि डॉक्टरांसारखा गंभीर होतो. "मोटर तं झकास हाय. पंप गेला बावा." हा पंप म्हणजे तंबाखूच्या डबीएवढी वस्तू. सगळ्या उन्हाळ्याचा डोलारा तिच्यावर उभा असतो. पण जाताना तो न चुकता एक गोष्ट सांगतो आणि ती सांगताना मात्र विनोद करत नाही: पाणी भरायचं तर बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, अर्थिंग तपासायचं, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावायचा नाही. विदर्भात उन्हाळा सुरू झाला की कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी पेपरात येतेच. गारव्यासाठी आणलेली वस्तू जीव घेते, याइतकं चीड आणणारं मरण मला दुसरं सुचत नाही.

एवढं झालं की आम्ही नागपूरकर उन्हाळ्याला तयार होतो. तयार होतो म्हणजे फुशारक्या मारायला तयार होतो. तापमानाच्या आकड्याचा आम्हांला जो अभिमान आहे तो पाहून कुणाला वाटावं, आम्ही रात्री जागून, अंगमेहनत करून तो वर चढवला आहे. पुण्याचा आत्येभाऊ फोनवर "अरे, आमच्याकडेही एक्केचाळीस!" असं म्हणाला की माझा अपमान होतो. एक्केचाळीसला आमच्याकडे स्वेटर घालतात, असं मी त्याला सांगतो. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, हे आम्ही घराण्यातला एखादा शूर पूर्वज सांगावा तसं सांगतो. त्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही भावकी. आज कोण पुढे, हे संध्याकाळी बघायचं, आणि चंद्रपूर अर्ध्या अंशानं पुढे गेलं की इथे रात्रीचं जेवण गोड लागत नाही. संत्रानगरीत ऑरेंज अलर्ट दिला की तर आपल्या गावाच्या नावानंच काहीतरी निघालंय असं वाटतं.

मे २०२४ मध्ये तर एके दिवशी इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. छप्पन्न! गावात एक दिवस भलतंच चैतन्य होतं. जगात पहिला नंबर आला म्हणून लोक एकमेकांना फोन करत होते. मग हवामान खात्यानं सांगितलं की संवेदक बिघडला होता. दहावीला बोर्डात आलेल्या मुलाची गुणपत्रिका चुकीची निघावी तशी अवकळा गावावर पसरली. आमचे एक काका अजूनही म्हणतात की यंत्र बरोबर होतं, दिल्लीवाल्यांना पाहवलं नाही.

खरं तर पेपरातला आकडा हा सावलीतला आकडा असतो. वेधशाळेचा तापमापक गवताळ मोकळ्या जागेत, जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत हवेशीर बसलेला असतो. भर दुपारी सिग्नलला स्कूटरच्या तापलेल्या सीटवर बसलेल्या माणसाचं तापमान त्याला विचारून उपयोग नाही. काही चौकांत आता वर हिरवी जाळी लावतात आणि तिच्या सावलीसाठी गाड्या झेब्रा क्रॉसिंगच्या कितीतरी मागे थांबतात. शिस्त लावायला पोलिसांना जे जमलं नाही ते उन्हानं केलं.

आणि आकड्यानं फसायलाही होतं. मुंबईची मावशी म्हणते, आमच्याकडे चौतीसच असतं पण जीव जातो. तिला आम्ही हसायचो. नंतर १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्या माणसांपैकी १४ जण उष्माघातानं गेले. त्या दिवशी पारा चाळिशीतही नव्हता. तेव्हापासून मी मावशीला हसत नाही. मराठीनं हे फरक फार पूर्वीच ओळखले आहेत. कोकणात उकडतं, आमच्याकडे भाजतं. तलखी वेगळी, काहिली वेगळी, झळा वेगळ्या. एखाद्याला ऊन लागतं, एखाद्याला उन्हाळी लागते, पोराचा घोळणा फुटतो, बाळाला घामोळं येतं. एवढे शब्द ज्या भाषेनं तयार ठेवले, तिच्या माणसांनी बरंच सोसलं असणार.

आमच्या घरात उन्हाळा हे खातं आईकडे आहे. तिचं वय ८१. चैत्र लागला की तिचे नियम सुरू होतात. घराबाहेर पडण्याआधी पाणी प्यायचं, तहान असो नसो. डोक्याला दुपट्टा बांधायचा, कान झाकायचे. उन्हातून आल्याबरोबर गटागटा गार पाणी प्यायचं नाही. आधी गूळ, मग माठातलं पाणी. पश्चिमेची खिडकी अकरालाच बंद. दुपारी भाजी-पोळी नाही मिळाली तरी चालेल, पण कैरीचं पन्हं किंवा मठ्ठा मिळालाच पाहिजे. आणि शेवटचा नियम, मुकुटमणी: खिशात कांदा.

कांदा म्हणजे अख्खा, सालासकट, लिंबाहून थोडा मोठा, पांढरा मिळाला तर उत्तम. मी ऑफिसला निघालो की ती दारात येते आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या खिशात रुमाल ठेवावा तसा माझ्या पँटच्या खिशात कांदा ठेवते. माझं वय ५४. माझ्या हाताखाली नऊ माणसं काम करतात. मीटिंगमध्ये खिशातून पेन काढताना टेबलावर कांदा घरंगळत गेला, हा प्रसंग माझ्या आयुष्यात दोनदा घडला आहे.

संध्याकाळी कांदा परत द्यावा लागतो. तिथे हिशेब चोख. आई तो हातात घेते, दाबून बघते आणि म्हणते, "बघ किती तापलाय. सगळं ऊन यानं ओढून घेतलं." मी तिला एकदा समजावून सांगितलं की खिशात दिवसभर मोबाईल ठेवला तरी तो तापतो, खिसा माझ्या मांडीला लागून आहे, माझी मांडी सदतीस अंशांच्या आसपास आहे, खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबतं याला काडीचाही पुरावा नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला आजवर ऊन लागलंय?" "नाही." "मग?" एवढं बोलून तिनं तो कांदा विळीवर घेतला. आमच्या घरी रात्रीच्या झुणक्यात पडणारा कांदा हा असा दिवसभर ऑफिस करून आलेला असतो.

पेपरात उष्माघातापासून बचावाची चौकट येते, तीही आई पेन्सिल घेऊन वाचते. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेसाठी कृती आराखडा केला: आधी इशारा द्यायचा, पाणपोया वाढवायच्या, दवाखान्यांना सज्ज ठेवायचं, मजुरांची दुपार वाचवायची. २०१६ मध्ये आमच्या नागपूरनंही केला. हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती कलमांवर खुणा करत होती. पाणी, बरोबर. ताक-पन्हं, बरोबर. सुती कपडे, डोक्याला फडकं, बारा ते चार घरात, बरोबर. शेवटी तिनं चौकट वरखाली पाहिली आणि विचारलं, "कांदा कुठाय?" आणि महापालिकेचे पाच गुण कापले.

स्वयंपाकघरात तिच्या पाटाशेजारी तिवईवर माठ असतो. नवा माठ आणला की पहिली दोन पाणी फेकायची, मग त्याच्या अंगाला बारीक घाम येईपर्यंत वाट बघायची. घाम आला नाही तर माठ परत. तिचं म्हणणं, जो पाझरत नाही तो गार काय करणार? यात सगळं विज्ञान आलं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेते; तेवढ्यात पावणेसहा लिटर बर्फगार पाणी उकळीला येईल. माठ त्याच्यावर चालतो, कूलर त्याच्यावर चालतो आणि माणूसही. मुंबईच्या मावशीचं दुखणं हेच, की तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम कपडे भिजवण्यापलीकडे काही करत नाही. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात, मग तो कोरडा राहतो आणि आतलं पाणी कोमट. अशा माठाला आई बाहेरून काथ्यानं घासते. सुटला तर सुटला. नाही सुटला तर त्यात डाळ भरते.

तर, मला ऊन लागलं त्याची गोष्ट.

मावसभावाच्या मुलाचं लग्न वरोऱ्याला होतं, मे महिन्यात. आमच्याकडे लग्नं मेमध्येच होतात. पोरांना सुट्टी असते, आणि ज्या संसाराची सुरुवात पंचेचाळीस अंशांत झाली त्याला पुढचं सगळं सुसह्य वाटतं. मुहूर्त साडेअकराचा होता, म्हणजे वरात बाराला निघाली. मी वरपक्षाकडचा ज्येष्ठ, अस्सल नागपूरकर, जाकीट घालून. पुण्याचा आत्येभाऊ छत्रीखाली उभा होता. त्याला दाखवण्यासाठीच म्हणा, मी नाचायला उतरलो.

पंधरा-वीस मिनिटं चांगली गेली. मग पोटरीत गोळा आला. डोकं ठणकायला लागलं. अंगाला घाम होता, पण तो चिकट आणि गार लागत होता. घोडा जवळ दिसत होता की लांब, ते कळेना. मी कडुनिंबाच्या दिशेनं चालायला लागलो आणि मला वाटतं, एका परातवाल्या बाईंना नमस्कार करून त्यांच्या पायाशीच बसलो.

उचललं ते बँडवाल्यानं. लाल कोट, सोनेरी झालर, हातात कर्णा. त्यानं मला झाडाखाली टेकवलं, जाकीट काढलं, बटणं सोडली, कॅनमधलं पाणी डोक्यावर आणि मानेवर ओतलं आणि स्वतःच्या झुलीच्या टोपीनं वारा घालायला लागला. मी बोलतोय, नाव सांगतोय याची खात्री केली आणि मगच मीठ-साखरेचं लिंबूपाणी घोट-घोट दिलं. त्यांच्या कॅनमध्ये ते तयारच होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही या कोटात कसे काय राहता?"

"आमी कुठं राहून राह्यलो?" तो म्हणाला. "दोन गाणे झाले का चार जणं सावलीत. मंग दुसरे चार. तुमीच सलग नाचून राह्यले. तुमच्या हापिसात एशी असंन."

एशी होताच. त्याला जे कळलं ते मला चोपन्न वर्षांत कळलं नव्हतं. शरीर उन्हाला सरावतं ते आठ-पंधरा दिवस रोज थोडं थोडं उन्हात राहून. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, काळीज दमानं घेतं. आणि उन्हाशी संबंध तुटला की तो सराव काही आठवड्यांत जातोही. मी मार्चपासून घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, बावीस अंशांत बसलेलो. माझं नागपूरकरपण फक्त आधार कार्डावर उरलं होतं. अंगानं मी केव्हाच महाबळेश्वरला राहायला गेलो होतो.

अर्ध्या तासात मी पंगतीला बसण्याइतका झालो. शेजारी वधूपक्षाकडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी आमटी लांब सरकवून मठ्ठ्याचा दुसरा पेला पुढे केला आणि जिलबी येईपर्यंत माझं शिक्षण पूर्ण केलं. "तुमचं थोडक्यात निभावलं. पुढची पायरी म्हणजे माणूस असंबद्ध बोलायला लागतो, चालताना तोल जातो, अंगाचा ताप चाळीसच्या वर जातो, शुद्ध हरपते. तेव्हा तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत नुसतं बघत बसायचं नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंग भिजवायचं, वारा घालायचा, बगलेत-जांघेत बर्फ ठेवायचा. तापाच्या गोळ्या देऊ नका, हा त्या जातीचा ताप नाही." समोरच्या ओळीत वाढपी बासुंदीची बादली घेऊन स्तब्ध उभा राहून ऐकत होता. मग त्यांनी विचारलं, "घरी वयस्कर कोण आहे?"

आईचं नाव निघाल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मला सुचायला हवा होता: त्या स्वतः किती पाणी पितात?

घरी येऊन मी लक्ष ठेवलं. सगळ्यांना पाण्याचे पेले हातात देणारी ही बाई स्वतः संध्याकाळी सहानंतर पाण्याला शिवत नव्हती. "रात्री उठावं लागतं रे. अंधारात पडले म्हणजे?" दिवसा का नाही? "तहानच लागत नाही." उतारवयात तहान खरंच मुकी होते, घामही कमी सुटतो, आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांतली एक अंगातलं पाणी बाहेर काढणारी होती. दुपारी तिच्या खोलीतला कूलरही तिनं बंद ठेवलेला. बिल येतं म्हणून. जुन्या माठाची गोष्ट ती मला इतकी वर्षं सांगत होती, आणि मी डाळीकडे बघत होतो.

डॉक्टरांना विचारून मी तिच्यासाठी दीड लिटरची बाटली आणली आणि तिच्यावर मार्करनं रेघा मारल्या: नऊ वाजता इथपर्यंत, बाराला इथपर्यंत. वाटेतला बल्ब रात्रभर चालू ठेवला. पहिले दोन दिवस पाणी रेघेबरहुकूम उतरत होतं. तिसऱ्या दिवशी अंगणातली तुळस फारच टवटवीत दिसू लागली. चौकशी केली तेव्हा आई म्हणाली, "तिलाही उन्हाळाच आहे की."

शेवटी करार झाला. तिनं एक पेला प्यायचा, मग मी एक प्यायचा, एकमेकांसमोर. सकाळी निघताना आम्ही दोघं माठाशेजारी उभे राहून पाणी पितो आणि बायको म्हणते की कुस्ती सुरू होण्याआधीचे पहिलवान दिसता. वरोऱ्याची हकिगत कळल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला होता, "कांदा होता का खिशात?" होता. जाकिटाच्या आतल्या खिशात होता, ते बँडवाल्यानं झाडाखाली काढलं तेव्हा घरंगळत घोड्यापर्यंत गेला होता, आणि घोड्यानं त्याचा वास घेऊन मान फिरवली होती. मी तिला नुसतं 'होता' एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून वाचलास."

पण तिनं आपल्या पद्धतीत सुधारणाही केली. आता डाव्या खिशात कांदा आणि उजव्या खिशात दवाखान्यातून आणलेलं ओआरएसचं पाकीट. संध्याकाळी दोन्ही परत. मागच्या मंगळवारी मी कांदा दिला आणि पाकीट विसरलो. पँट तशीच वॉशिंग मशीनमध्ये गेली. एक लिटर पाण्यात विरघळवायचं ते पाकीट चाळीस लिटर पाण्यात, सहा शर्ट, दोन टॉवेल आणि आईच्या पातळासकट व्यवस्थित विरघळलं. कपडे वाळल्यावर किंचित कडक आले आणि पातळाच्या काठाला मुंग्या लागल्या.

आईनं ते पातळ दोरीवरून काढलं, झटकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कांदा विसरला असतास," ती म्हणाली, "तर निदान धुऊन तरी निघाला असता."